भवानीबाईंनी मागून घेतलेला टिकस

टिकसाची दवंडी पिटली आणि आमचं देवास एका दिवसात गरीब झालं.

आमचं देवास म्हणजे गाव एक आणि महाराज दोन. मधून रस्ता जातो; रस्त्याच्या या अंगाला एका महाराजांची पाती, त्या अंगाला दुसऱ्यांची. दवंडी झाली फक्त आमच्या पातीत. ज्याची वर्षाची कमाई पाचशे रुपयांच्या वर असेल त्याने कचेरीत येऊन ती सांगावी आणि तिच्यावर टिकस, म्हणजे सरकारचा कर, भरावा, शेतीला माफी. दवंडीवाला पुढच्या चौकात पोहोचायच्या आत पलीकडच्या पातीतले लोक ओट्यावर येऊन बसले, पानं जमवली आणि आमच्याकडे बघून हसायला लागले. आमच्याकडे कुणाला हसायला वेळ नव्हता. जो तो घरात जाऊन आपला सगळ्यात जुना अंगरखा शोधत होता.

तुपाचा व्यापारी उमाशंकर याचं दुकान आमच्या समोर. आदल्या दिवशीपर्यंत त्याच्या बोटात तीन अंगठ्या होत्या. दुसऱ्या दिवशी बोटं नुसती. जोड्याला पुढून भोक. मी भोक नीट पाहिलं, ताजं कापलेलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो आधीच हात जोडून सांगे, "राम-राम भिया! म्हारा कने कँई नी हे. तूप गाय को, मटको कुम्हार को, में तो बीच को हम्माल!"

अशा गावात एका बाईने उठून म्हटलं की माझी कमाई आहे, माझ्यावर टिकस लावा. तिची ही हकीकत. माणसं जशी बोलली तशीच लिहितो. हातवारे तेवढे कागदावर येत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

भवानीबाईंची खानावळ आमच्या भिंतीला भिंत लागून. त्यांच्या फोडणीला आमच्या घरात शिंका येतात. माहेर त्यांचं धारचं. वडील तिथल्या मुदपाकखान्यात होते, त्यामुळे पन्नास पानांचा स्वयंपाक हा त्यांना लहानपणापासून खेळच. लग्न होऊन देवासला आल्या, नवरा लवकर गेला, आणि सासरच्या पद्धतीप्रमाणे त्यांना आतली खोली, एक जपमाळ आणि दोन लुगडी मिळाली. त्यातली जपमाळ अजून नवी आहे.

खानावळ सुरू झाली ती मोरोपंतांच्या पोटामुळे. मोरोपंत पुण्याकडून इथे कचेरीत नोकरीला आले तेव्हा तरुण होते आणि मालव्यातले तुपात बुडवलेले कणकेचे बाफले त्यांना पचत नव्हते. रोज दुपारी कचेरीच्या पायरीवर पोट धरून बसत. भवानीबाईंनी निरोप पाठवला, "त्या माणसाला म्हणावं, मऊ भात आणि मेतकूट खाऊन जा, नाहीतर कचेरीतच मरशील आणि सुतक आमच्या गल्लीला." मोरोपंत आले, जेवले आणि त्यानंतर कधी गेलेच नाहीत. त्यांनी आणखी दोन कारकून आणले, कारकुनांनी मास्तर आणले, मास्तरांनी पुराणिक गोपाळराव आणले. आज दोन पंगती उठतात; पहिलीत मीही असतो. रविवारी बाफले असतात, आणि ते सगळ्यात जास्त मोरोपंत खातात.

भवानीबाई उंच, हाडापेराने मजबूत. हातातली पळी त्या बोलताना खाली ठेवत नाहीत; मुद्दा संपला की पळी एकदा पातेल्यावर आपटतात. टण्ण. त्यानंतर कुणी बोलायचं नाही, जेवायचं.

आता विश्वासराव. भवानीबाईंचे धाकटे दीर. त्यांच्या बैलगाड्या बागली आणि पीपलरावां या गावांच्या रस्त्यावर भाड्याने चालतात. स्वतः मात्र ते फक्त दोन ठिकाणी चालतात: घरातून खानावळीत आणि खानावळीतून घरात. पहिल्या पंगतीचा पहिला पाट त्यांचा. पाटाला चार कोपऱ्यांत पितळी फुलं. महिन्याचे पैसे त्यांनी कधी दिले नाहीत, कारण त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, आणि ते वाक्य म्हणताना ते हनुवटी अशी वर नेतात की गळ्यावरची गाठ दिसते: "मी या घरचा कर्ता आहे."

दवंडीच्या आठवड्यातलीच गोष्ट. पंगत बसली होती. विश्वासरावांनी आमटीचा भुरका मारला आणि जणू मीठ कमी आहे असं सांगावं तशा सुरात म्हणाले, "वहिनी, दिवाळीपर्यंतच हं हे. मग खानावळ बंद."

पळी हवेत थांबली.

"बंद म्हणजे?"

"माझ्या मेहुण्याला बागलीहून इथे येऊन कापडाचं दुकान टाकायचंय. रस्त्यावरची जागा. भाडं चांगलं देतोय. आणि तुमचं आता वय झालं वहिनी. किती दिवस धुरात डोळे जाळायचे? घरात बसा, देवदेव करा."

"आणि माझी भांडी?"

"तुमची कसली? घरातली. मी या घरचा कर्ता आहे."

हनुवटी वर. गाठ दिसली. पंगतीत कुणी मान वर केली नाही; पानावरून काय निघून चाललंय ते सगळ्यांना कळलं होतं, पण ज्याच्या घरात जेवतो त्याच्या भाऊबंदकीत कोण पडतो? भवानीबाई एवढंच म्हणाल्या, "भात वाढू?" आणि वाढला. पळी मात्र आपटली नाही. याचा अर्थ मुद्दा संपला नव्हता.

टिकसाचा वाद मग रोजच पंगतीत रंगायला लागला. कचेरीत कमाई लिहून घेण्याचं काम नेमकं मोरोपंतांकडे आलं होतं, त्यामुळे सगळे त्यांच्यावर तुटून पडत. मोरोपंत बोलतात नाकातून, आणि आधी तपकिरीची चिमूट ओढल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही.

"म्हणजे काय की," ते म्हणाले, "सगळ्यात मोठा अन्याय पगारदारावर. आमचा पगार हातात येण्याआधीच टिकस कापलेला. लपवू म्हटलं तरी लपवायला जागा नाही. आणि हे व्यापारी! दुकानात तुपाचे डबे छताला लागलेत आणि जोड्याला भोक!"

उमाशंकर तूप मोजून द्यायला येई तेव्हा ओट्यावर टेकून पंगतीचं बोलणं ऐके. तिथूनच ओरडला, "और घाटा, पंतजी? नफो हुओ तो सरकार को हिस्सो. घाटो हुओ तो सरकार हिस्सो देगी कँई? आणि तुमचा पगार तर पहिल्या तारखेला पक्का. म्हारी भैंस पहली तारीख नी जाने!"

गोपाळराव पुराणिकांनी डोळे मिटले. ते बोलतात तेव्हा साधं 'ताक वाढा' सुद्धा आख्यान वाटतं. "दक्षिणा ही कमाई नव्हे हो. देणाऱ्याचं ते पुण्य! पुण्यावर टिकस लावाल, तर मग पापावर काय लावाल?"

"पापावर लावू नका," भवानीबाई म्हणाल्या, "या गल्लीत जेवायला कुणी उरणार नाही."

हसण्यात गोपाळरावांना चेव आला. "सरकारचं राहू द्या. इथलंच घ्या ना. मी दोन पोळ्या खातो, मोरोपंत नऊ. महिना मात्र दोघांचा सारखा. हा कोणता न्याय?"

मोरोपंतांचा हात नवव्या पोळीवर होता. तो तिथेच राहिला. खरंच, या प्रश्नाला उत्तर काय? सगळे भवानीबाईंकडे बघायला लागले.

"उमाशंकर," त्यांनी ओट्याकडे हाक दिली, "गोपाळरावांच्या दोन पोळ्यांवर तूप किती पडतं रे?"

"बाई, पोली तैरे उसमें!"

"ऐकलंत? पोळ्या दिसतात म्हणून मोजता. तूप पोळीत मुरतं, ते कोण मोजणार? आणि एकादशीला राजगिरा, रताळी, शिंगाड्याचा शिरा, ते कुणासाठी होतं? मोरोपंतांसाठी?" टण्ण. पण मग पळी न आपटताच त्या पुढे म्हणाल्या, "मोरोपंत, एक सांगा. या गावात पगारदाराला टिकस, तूपवाल्याला टिकस, पुराणिकाचं अजून ठरायचंय. मग मला का नाही?"

मोरोपंतांना ठसका लागला. "तुम्हाला? म्हणजे काय की... बाई म्हणजे घर. घराची कमाई कर्त्याच्या नावावर."

पितळी फुलांच्या पाटावरून विश्वासराव समाधानाने हसले. ते हसू त्यांना पुढे फार महागात पडलं, पण ते त्यांना तेव्हा कसं कळणार?

मधल्या दिवसांत उमाशंकरने एक करामत केली. गल्ल्याची पेटी उचलून त्याने रस्त्यापलीकडे, दुसऱ्या पातीत, आपल्या साडूच्या ओट्यावर नेऊन ठेवली. तूप इकडे मोजायचं, पैसे तिकडे द्यायचे. "कमाई पैसा से होवे, और पैसो तो उधर हे!" गिऱ्हाईक हातात तूप घेऊन रस्ता ओलांडतंय, गाडीखाली येता येता वाचतंय, अशी गंमत चार दिवस चालली. पाचव्या दिवशी पलीकडचा एक कारकून साडूच्या ओट्यावर येऊन पेटीकडे बघत सहज म्हणाला, "अरे वा, तुमची दुकानदारी आमच्या पातीत केव्हापासून? आमची जकात भरलीत का?" उमाशंकर पेटी डोक्यावर घेऊन जो पळाला, की त्या दिवशी त्याच्या जोड्याचं भोक खरोखर मोठं झालं.

भवानीबाई मात्र सरळ कचेरीत गेल्या. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. लोक फाटके अंगरखे घालून रांगेत बसले होते, मीही होतो. त्यात या, स्वच्छ धुतलेलं महेश्वरी लुगडं नेसून. बायका कचेरीत येत नाहीत, त्यामुळे रांग आपोआप दुभंगली.

"मोरोपंत, लिहा. खानावळ. माझी कमाई पाचशेच्या वर आहे."

मोरोपंतांनी तपकीर ओढली, शिंकले, पुन्हा ओढली. "बाई, तसं लिहिता येत नाही हो. कर्त्याने येऊन सांगायला हवं की खानावळ कुणाची. विश्वासराव येतीलच, त्यांनाही बोलावणं आहे."

"मग मी बसते," म्हणून भवानीबाई खांबाला टेकून बसल्या.

शेजारी बसलेल्या उमाशंकरने हळूच विचारलं, "बाई, वो तो बोल देगा कि खानावल म्हारी हे. फिर?"

"कचेरीत आपली म्हणायची सवय या गावात कुणाला आहे?" भवानीबाई म्हणाल्या. "तुला आहे?"

उमाशंकरने भोकातून बाहेर आलेला अंगठा आत घेतला.

विश्वासराव आले. मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. पागोटं विटकं, उपरण्याला ठिगळ, आणि हनुवटी छातीला टेकलेली. गळ्यावरची गाठ कुठे गेली कोण जाणे. आवाज तर असा, की आठ दिवस उपाशी असावेत.

"या विश्वासराव," मोरोपंत म्हणाले. "गाड्यांचं भाडं किती येतं?"

"मी आपला साधा माणूस, मोरोपंत. बैल खातात, मी बघतो. कसंबसं चारशे म्हणा."

"बरं. आणि खानावळ?"

विश्वासरावांच्या डोळ्यांत हिशेब चमकला. गाड्या आणि खानावळ एकत्र धरली, की पाचशेच्या पार. खानावळ सोडली, की सुटका. ते चटकन म्हणाले, "खानावळ? छे छे! ती वहिनींची. माझा काय संबंध?"

"तुम्ही कर्ते ना?"

"नावाचा हो! खानावळीतला एक पैसा माझ्या हाताला लागत नाही. विचारा कुणालाही."

"ते मी जाणतो," मोरोपंत म्हणाले. तेही त्याच पंगतीला जेवतात. "पण म्हणजे काय की, भांडी? पातेली, पराती, घंगाळी? ती तुमची असतील तर त्यांचं भाडं तुम्हाला मिळत असणार. तेही कमाईत धरावं लागेल."

"भांडी त्यांचीच! वहिनींनी घेतलेली. माझी एक वाटी नाही त्यात."

"आणि जागा? रस्त्यावरची जागा आहे. भाडं चांगलं येत असेल."

विश्वासराव घामाने भिजले. आता एकदा धावत सुटलेल्या बैलाला कोण थांबवणार? "भाडं? वहिनींकडून? मोरोपंत, मी माणूस आहे की कोण? थोरल्या भावाची बायको! जागा त्यांना दिलेली आहे निर्वाहासाठी. हयातभर. दमडी घेत नाही."

"हयातभर?"

"हयातभर!" विश्वासराव आता स्वतःच्याच उदारपणाने गहिवरले होते. "माझा काडीचा हक्क नाही त्या जागेवर. लिहा तसं. मी सही करतो."

मोरोपंतांनी लिहिलं. वाचून दाखवलं. विश्वासरावांनी सही केली, उपरण्याने कपाळ पुसलं, आणि सुटलो बुवा अशा चेहऱ्याने वळले. समोर खांबाला टेकून भवानीबाई.

"भाऊजी अगदी खरं बोलले," त्या उठत म्हणाल्या. "इतकं खरं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. खानावळ माझी, भांडी माझी, जागा माझ्या हयातीपर्यंत माझी. सगळ्या गावासमोर. आता लिहा मोरोपंत: भवानीबाई, खानावळ, कमाई पाचशेच्या वर."

विश्वासरावांच्या तोंडातून नुसताच "अहो पण" निघालं. अहो पण काय? पण खानावळ माझी? मग गाड्यांचे चारशे आणि ती, दोन्हींवर टिकस, आणि वर खोटं सांगितल्याचा दंड. बागलीचा मेहुणा त्यांच्या डोळ्यांसमोरून कापडाच्या ताग्यांसकट मागे मागे जाताना मला स्पष्ट दिसत होता.

उमाशंकरला मात्र वेगळंच दुःख झालं होतं. "बाई!" तो कळवळून म्हणाला, "झूठ नी बोलते बने तो चुप तो रेवो! आज तुम्ही सांगितलं, उद्या ये लोग म्हने पूछेगा कि इतनी खानावल में घी किसको लगे!"

"तुझंच लागतं," भवानीबाई म्हणाल्या. "मी तेही सांगितलं असतं, पण मोरोपंतांनी विचारलं नाही."

मोरोपंतांनी उमाशंकरकडे पाहिलं आणि तपकिरीची डबी शांतपणे उघडली.

आता वाटेल की भवानीबाईंना टिकस न्यायाचा वाटला. मुळीच नाही. पहिला हप्ता भरून आल्या त्याच दुपारी पंगतीत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "शेती म्हणून इनामदारांना माफी का? त्यांची पोटं काय पाण्यावर चालतात? आणि मी टिकस भरते तर माझ्या दारापुढचं गटार कधी उपसणार? रस्ता कोण झाडणार?" पगारदार, व्यापारी, पुराणिक हे सगळे महिनाभर एकमेकांशी भांडत होते, पण टिकस भरणाऱ्याने कसं ओरडावं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गोपाळरावांनी तर आख्यानाच्या सुरात "धन्य!" म्हटलं.

मग शेवटचा वरणभात वाढताना भवानीबाईंनी जाहीर केलं, "पुढल्या महिन्यापासून महिना चार आणे जास्त."

"का?" मोरोपंतांचा घास हातात राहिला.

"टिकस लागलाय मला. तुम्हीच लावलात."

"म्हणजे काय की... माझ्या पगारातून माझा टिकस कापलेला, आणि आता तुमचाही मीच भरायचा? हा कुठला न्याय?"

"त्याचा विचार नऊ पोळ्या झाल्या की करा," आणि पळी आपटली. टण्ण.

विश्वासराव चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी फोडणीचा वास त्यांच्या अंगणापर्यंत गेला असावा. पंगत बसायच्या वेळी ते दारात उभे होते. मेहुण्याला त्यांनी बागलीला निरोप पाठवला होता की जागेची जरा अडचण आहे. पितळी फुलांच्या पाटावर त्या दिवशी गोपाळराव बसले होते. विश्वासरावांनी पाटाकडे पाहिलं, गोपाळरावांनी ताटाकडे पाहिलं. कुणी उठलं नाही.

भवानीबाई परात कडेवर घेऊन आल्या. त्यांनी दिराला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाजात ना राग, ना टोमणा. नव्या माणसाला विचारतात तसंच विचारलं.

"या भाऊजी. शेवटचा पाट रिकामा आहे. महिन्याचे लिहू, की रोजचे?"